डॉक्टर व्हायचं असेल तर विषय कोणता घ्यावा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. पोराला सायन्सला टाकायचं की नाही? पंच्याऐंशीच्या वर टक्के पडले असतील तर तेही बोलणं होत नाही. सायन्स ठरलेलंच असतं, सायन्स म्हणजे डॉक्टर हेही ठरलेलं असतं. काका सांगतात, मामा सांगतो, शेजारच्या पोराचा अकोल्यात नंबर लागला म्हणून शेजारी सांगतात. विषय नेमके कोणते घ्यायचे आणि नंबर नाही लागला तर त्या विषयांवर पुढे काय करता येईल, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहापर्यंत कॉलेजांची पसंती भरता येते. बाप-लेक नाहीतर माय-लेक सेवा केंद्रावर जातात, मागे रांग असते, लाइट जायची भीती असते. संगणकावर बसलेला मुलगा विचारतो, "काका, शाखा कोणती?" काका म्हणतात, "सायन्स." पुढे कॉलेजात नाव पक्कं करताना क्लार्क विचारतो, "बायो की मॅथ्स?" आणि त्या घडीला बाप पोराकडे बघतो, पोरगं बापाकडे. पाच मिनिटांत पुढच्या दहा वर्षांचा निर्णय होऊन जातो. मी या भागात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत आलो आहे. ही पाच मिनिटं मी फार वेळा पाहिली आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं सांगणं एवढंच आहे. डॉक्टरकीच्या वाटेवर जो जो विषय निवडाल तो असा निवडा, की मेडिकलचं दार उघडलं नाही तरी त्या विषयावर पोराला उभं राहता येईल. हे धोरण अकरावीत पाळायचं आहे आणि बारावीनंतर एक वर्ष थांबायची वेळ आली तर तेव्हाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुण्या-मुंबईकडच्या कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्याकडून गावात बातमी येते, की तिकडे आधी कॉलेजात चार वर्षांची डिग्री घेतात आणि मग मेडिकलला जातात. ते खरं आहे. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाणारे थोडे. बाकीच्यांना आधी पदवी लागते. ती जीवशास्त्रातच हवी असंही नाही. इतिहास घ्या, संगीत घ्या, अर्थशास्त्र घ्या. जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिक असे ठरावीक विषय प्रयोगांसह पूर्ण केले आणि 'एमकॅट' नावाची परीक्षा दिली की अर्ज करता येतो. तिकडच्या मराठी घरांतही जेवणाच्या टेबलावर हाच वाद असतो, की मुलीला जीवशास्त्र घ्यायला लावायचं की तिला आवडतं ते घेऊ द्यायचं.

आपल्याकडेही एके काळी असंच काहीसं होतं. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या दिवसांत मुलं आधी कॉलेजात विज्ञान शिकत आणि तिथल्या मार्कांवर मेडिकलला जात. १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली, १९७७ ला बारावीची, आणि बारावी हाच मेडिकलचा उंबरठा झाला. आज महाराष्ट्रात बी.एस्सी. करून मेडिकलला जायची वेगळी वाट नाही. बी.एस्सी. झालेल्या मुलीलाही मेडिकलची तीच प्रवेश परीक्षा, 'नीट', द्यावी लागते, बारावीच्या मुलांच्या शेजारी बसून. पदवीचा एकही मार्क जास्तीचा मिळत नाही. "आधी बी.एस्सी. कर, मग डॉक्टर होणं सोपं जातं" असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. बी.एस्सी.चा उपयोग आहे, पण वेगळा. त्यावर पुढे बोलतो.

आता अकरावी. एमबीबीएससाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला पहिल्या तीन विषयांत मिळून ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के. वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. वरची वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली आणि किती वेळा नीट द्यावी यालाही मर्यादा नाही. या शेवटच्या दोन सवलतींनी जितक्या पोरांना हात दिला तितक्याच पोरांची वर्षं खाल्ली, असं माझं मत आहे.

बारावीला सहा विषय असतात. इंग्रजी, आणखी एक भाषा, आणि भौतिक, रसायन, जीव हे तीन. राहते सहावी जागा. तिथे गणित घ्यायचं की मार्क देणारा एखादा सोपा विषय, यावर खरा निर्णय असतो. बहुतेक घरांत तो असा होतो: "डॉक्टरच व्हायचंय ना? मग गणित कशाला?"

मला हे पटत नाही. नीटचा पेपर समोर ठेवून बघा. १८० प्रश्न, ७२० मार्क, १८० मिनिटं. जीवशास्त्राचे ९०, भौतिकचे ४५, रसायनचे ४५. बरोबर आलं तर चार मार्क, चुकलं तर एक वजा. प्रश्नाला सरासरी एक मिनिट आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. जीवशास्त्राचं पान न् पान पाठ असलेली मुलगी मी पाहिली आहे. कोणत्या आकृतीखाली काय लिहिलंय ते डोळे मिटून सांगायची. रसायनात पीएच काढायची वेळ आली की थांबायची. लॉग दोन म्हणजे ०.३०१० हे तिला माहीत होतं, पण लॉगमधला ऋण घात कुठे जातो ते कळत नव्हतं. भौतिकात तिरक्या फेकलेल्या चेंडूचं गणित आलं की साइन-कोसाइनपाशी हात अडायचा. भौतिक आणि रसायन मिळून ३६० मार्क आहेत, म्हणजे पेपर निम्मा. जीवशास्त्रात सगळेच चांगले मार्क घेतात. नंबर वर-खाली होतो तो भौतिकात. आणि भौतिक गणिताशिवाय येत नाही, मग मार्कशीटवर गणित असो वा नसो.

तेव्हा दहावीच्या बीजगणितानं पोराला रडवलं नसेल तर गणित ठेवा. चारही विषय ठेवले तर अभ्यास वाढतो, हे खरं. पण इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं, सांख्यिकी आणि संगणकाचं उघडं राहतं, आणि नीटचा भौतिकचा पेपर हलका जातो. पोराला गणिताची खरोखर धास्ती असेल, मार्क काठावरचे असतील, तर मग बळजबरी नको. जीवशास्त्राचा गट घ्या आणि भौतिकाला लागेल तेवढं गणित एखाद्या शिक्षकाकडून अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत पक्कं करून घ्या. उलट बाजूनंही एक गोष्ट माहीत असू द्या. ज्यांनी बारावीला गणित घेतलं आणि जीवशास्त्र सोडलं, त्यांना नंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास होऊन नीट देता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मुभा दिली. ज्याचं मन अजून ठरलेलं नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

दुसरी अडचण भाषेची. आपली मुलं मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून दहावी होतात आणि जुलैत अकरावीच्या वर्गात बसतात, तेव्हा समोरचं पुस्तक इंग्रजीत असतं. हुशार पोरगं अचानक गप्प होतं. घरी वाटतं, बाहेर गेलं आणि बिघडलं. तसं नसतं. त्याला शब्द कळत नसतात. पहिले तीन महिने रोज दहा-वीस शब्द वहीत लिहायचे, मराठी अर्थासकट, एवढं केलं तरी दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. नीटचा पेपर मराठीतूनही मिळतो, पण मराठी भाषांतर आणि इंग्रजी प्रश्न यांत फरक पडला तर इंग्रजी धरतात. शिवाय प्रश्न बहुतांशी एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या भाषेत येतात, आपल्या बोर्डाच्या पुस्तकांच्या नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं घरात हवीत. ती स्वस्त आहेत आणि नेटवर फुकटही मिळतात. हजारो रुपयांचे क्लासचे गठ्ठे घेण्याआधी ती ओळ न् ओळ वाचून झाली पाहिजेत.

क्लासचा विषय निघालाच आहे तर तेही. अकोला झालं, लातूर झालं, कोटा झालं. नाव गावाकडच्या कॉलेजात आणि पोरगं क्लासच्या हॉस्टेलवर, ही पद्धत आता सर्रास झाली आहे. काही मुलांना तिचा फायदा होतो. पण दोन वर्षं प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेलं पोरगं बारावी पास होतं तेव्हा त्याला मायक्रोस्कोप लावता येत नाही, ब्युरेट धरता येत नाही. मेडिकलला नंबर लागला तर ते तिथे शिकेल. नाही लागला तर बी.एस्सी.ला, फार्मसीला, लॅबच्या कोर्सला ते हात रिकामे घेऊन जातं. म्हणून क्लास लावा, पण प्रॅक्टिकल घेणारं कॉलेज बघूनच पसंतीक्रम भरा. कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा उघडायला सांगा. धूळ दिसली की समजून घ्या.

आता आकडे. ते कडू आहेत, पण अकरावीआधी कळलेले बरे. २०२५ ला देशभरात २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा परीक्षेच्या वेळी साधारण १ लाख १८ हजार, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी कॉलेजांत. एका जागेमागे जवळपास एकोणीस मुलं. आणि ज्या कुटुंबाला खाजगी कॉलेजची लाखोंची फी झेपणार नाही, त्याच्यासाठी एका जागेमागे चाळीसेक. "पात्र ठरला" म्हणजे नंबर लागला असं नसतं, हेही लक्षात घ्या. २०२५ ला १२ लाखांवर मुलं पात्र ठरली होती.

आपल्या जिल्ह्यासाठी एक चांगली गोष्ट झाली. बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात ते होतं, १०० जागांचं. त्याआधी आपल्याला जवळचं सरकारी कॉलेज म्हणजे अकोला, तेही २००२ चं. पण बुलढाण्यात कॉलेज आलं म्हणून बुलढाण्याच्या मुलांना तिथे वेगळ्या जागा नाहीत. पूर्वी विदर्भातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना असत. तो ७०-३० चा नियम सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. १५ टक्के जागा देशपातळीवर जातात आणि उरलेल्या ८५ टक्क्यांवर सगळा महाराष्ट्र एका यादीत उभा असतो. लातूरचं पोरगंही तिथेच आणि आपलंही.

मग नंबर लागला नाही तर? ज्या जागेवर घरं खचतात ती ही जागा, म्हणून इथे थोडं थांबतो.

बारावीनंतर पहिल्यांदा नंबर न लागणं ही काही लाजेची गोष्ट नाही. मेडिकलला गेलेल्या कितीतरी मुलांनी एक वर्ष रिपीट केलेलं असतं. पण रिपीटचा निर्णय रागात किंवा शरमेपोटी घेऊ नका. पेपर घेऊन बसा. भौतिकात किती, रसायनात किती, जीवशास्त्रात किती. किती प्रश्न येत असून चुकले, किती मुळात येतच नव्हते. सरकारी जागेला गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गाला किती मार्कांवर नंबर लागला ते राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, याद्यांत असतं. तिथून आपलं पोरगं पन्नास-साठ मार्क मागे असेल तर एक वर्ष जरूर द्या. अडीचशे-तीनशे मार्क मागे असेल तर वर्षभरात ते अंतर कापणारी मुलं फार थोडी असतात. ते तुमचं पोर असेलही, पण त्याच्या भरवशावर वावर गहाण टाकू नका.

दुसऱ्यांदा रिपीट? पहिल्या वर्षात मार्क ठळक वाढले असतील तरच. तिसऱ्यांदा मी कुणालाही सांगत नाही. आणि ही मर्यादा सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर, पोराच्या संमतीनं ठरवून टाका. निकालाच्या दिवशी ठरवायला बसलात तर आशा आणि अपमान दोन्ही मिळून निर्णय घेतात.

आता बी.एस्सी.चा उपयोग. रिपीट करताना नुसतं घरी किंवा हॉस्टेलवर बसण्यापेक्षा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घाला, असं मी सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट जमा राहतात, म्हणजे केलेलं वर्ष वाया जात नाही. पण इथेही नावापुरता प्रवेश घेतात आणि जो विषय मिळेल तो घेतात. मुख्य विषयाची, म्हणजे 'मेजर'ची, आपल्याकडची निवड ती हीच, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. नीटमध्ये काय कामाला येईल एवढ्यावर ती करू नका. त्यासाठी एनसीईआरटी पुरेसं आहे. नीट सुटलीच नाही तर तिशीत हे पोर कुठे काम करेल, ते डोळ्यांसमोर आणा.

रसायनशास्त्र घेतलं तर औषध कंपन्यांत, कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणीत जागा असतात, एम.एस्सी.-बी.एड. करून शिकवता येतं. सूक्ष्मजीवशास्त्रावर पाणी तपासणी, दूध-अन्न तपासणी, रुग्णालयाची लॅब अशा वाटा निघतात. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र घेऊन स्पर्धा परीक्षेतून वनसेवेत जाता येतं. ज्या पोराला माळरान आणि पाखरं आवडतात त्यानं ते जरूर घ्यावं. नुसतं "झूलॉजी नीटला मदत करेल" म्हणून घेतलेलं झूलॉजी तिसऱ्या वर्षाला अंगावर येतं. पोराला कोणत्या प्रयोगात वेळ कळत नाही ते बघा. द्रावणाचा रंग बदलतो तेव्हा डोळे चमकतात की स्लाइडवर पेशी दिसते तेव्हा? माझ्या मते या एका खुणेवर विषय निवडला तरी तो सहसा चुकत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. बी.एस्सी.ला मूळ कागदपत्रं आणि टीसी जमा होतात. मेडिकलच्या फेरीत नंबर लागला की ती दोन-चार दिवसांत हवी असतात. प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारून ठेवा, प्रवेश रद्द केला तर कागद किती दिवसांत मिळतील आणि फी किती परत मिळेल.

जीवशास्त्राच्या गटावर एमबीबीएसखेरीज काय काय मिळतं, हे आपल्याकडे अर्धवटच माहीत आहे. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचे प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतात. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी आहे. बी.फार्म. आणि बी.एस्सी. अ‍ॅग्री एमएचटी-सीईटीवर, फार्मसी तर चिखलीतच शिकता येते आणि कृषी विद्यापीठ अकोल्यात. म्हणजे बारावीच्या वर्षी नीटबरोबर एमएचटी-सीईटी आणि नर्सिंगचा फॉर्म भरलाच पाहिजे. नीटचा अभ्यास करणाऱ्या पोराला त्यासाठी वेगळं फार काही करावं लागत नाही. "आमचं पोरगं डॉक्टरच होणार, बाकी फॉर्म कशाला" म्हणून न भरलेल्या त्या एका फॉर्मनं वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत. नियम दर वर्षी थोडे बदलतात, तेव्हा सीईटी सेलचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

या कोर्सेसना उरलंसुरलं समजू नका. आयुर्वेद शिकायचा असेल तर बीएएमएस घ्या. एमबीबीएस हुकलं म्हणून सूड काढल्यासारखं घेऊ नका, कारण साडेपाच वर्षं संहिता, द्रव्यगुण, पंचकर्म शिकायचं असतं आणि मन नसलं की ती वर्षं सरत नाहीत. बीएएमएस आणि नर्सिंगवाली मुलं आज उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात. गावातल्या म्हातारीचं बीपी आणि शुगर महिनोन् महिने तीच बघतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले आणि मेळघाटात बैरागडला जाऊन राहिले. त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता होमिओपॅथीच्या डॉक्टर. २०१९ मध्ये पद्मश्री दोघांनाही मिळाली. तिथल्या लोकांची गरज बघून कोल्ह्यांना पुढे शेती आणि जनावरांचे आजारही शिकून घ्यावे लागले. कोणत्या डिग्रीवर माणूस किती उपयोगी पडेल, हे बारावीच्या यादीवरून ठरत नाही.

परदेशाबद्दल नेमकं सांगतो, कारण इथे वावरं विकली गेली आहेत. बाहेर एमबीबीएस करायचं तरी नीटला पात्र व्हावंच लागतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तो कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून असावा लागतो आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. परत आल्यावर इथली परीक्षा पास व्हावी लागते, आणि गेल्या काही सत्रांत ती पास होणारे एक तृतीयांशही नव्हते. फिलिपिन्सची गोष्ट तर आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. तिथे अमेरिकेसारखी पद्धत आहे, आधी बी.एस. आणि मग एम.डी. ते बी.एस. म्हणजे मेडिकलचंच पहिलं-दुसरं वर्ष, असं समजून अनेक भारतीय मुलं गेली. आपला आयोग ती वर्षं वैद्यकीय शिक्षणात धरत नाही. एजंट गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक दाखवेल, त्याला एकच विचारा, "एम.डी.चा कोर्स स्वतंत्रपणे ५४ महिन्यांचा आहे का, लेखी द्या." लेखी दिलं नाही तर घरी या.

मुलींच्या आई-बापांना वेगळं सांगायचं आहे. मुलगी हुशार असते, नीटला चांगले मार्क असतात, पण "एवढी फी मुलीवर?" असं म्हणून तिला जवळच्या कॉलेजात बी.ए.ला बसवतात. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्हावा लागतो. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहेच. फीचं कारण आता पूर्वीसारखं उरलेलं नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च राहतो, तो खराच आहे, पण त्यावर घरात हिशोब मांडून बोलता येतं.

कागदांसाठी अकरावीलाच पळा. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आणि मुख्य म्हणजे जात पडताळणी. व्हॅलिडिटीचा अर्ज बारावीत कॉलेजमार्फत बुलढाण्याच्या समितीकडे गेलाच पाहिजे. आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल हे शोधायला महिने जातात, आणि ऐन फेरीच्या आठवड्यात व्हॅलिडिटी नाही म्हणून हातची जागा जाते. चारशे मार्कांचं पोरगं एका कागदासाठी रडताना बघवत नाही.

आणि पोरांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुम्हाला डॉक्टर व्हायचं नसेल तर ते बोला. बापाशी बोलायची हिंमत होत नसेल तर आईशी, आईशी नसेल तर शाळेतल्या ज्या सरांवर किंवा मॅडमवर विश्वास आहे त्यांच्याशी. रात्री झोप लागत नसेल, सगळं संपलं असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पालकांनीही हा नंबर फोनमध्ये ठेवावा आणि निकालाच्या आठवड्यात पोराला एकटं सोडू नये. मार्कांवरून घरात जे बोलाल ते पोरं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

शेवटी एक विनंती, या भागातून शिकून बाहेर गेलेल्या सगळ्यांना. आमच्या मुलांना डॉक्टर दिसतो, कारण तो दवाखान्यात बसलेला असतो. लॅबमधला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, औषध कंपनीतली केमिस्ट, वनाधिकारी, मोठ्या रुग्णालयातली आयसीयूची नर्स त्यांनी जवळून कधी पाहिलेलीच नसते. मग ती निवडणार तरी काय? तुम्ही दिवाळीत, अक्षय तृतीयेला गावी येता. एक सकाळ काढा आणि आपल्या शाळेत जा. नववी-दहावीच्या वर्गासमोर उभं राहून सांगा, की तुम्ही बारावीला कोणते विषय घेतले, नंबर कुठे लागला, कुठे नाही लागला, आणि आज सकाळी कामावर गेल्यावर पहिलं काय करता. पगार किती मिळतो तेही सांगा, मुलं विचारतातच. मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी फोन करा. नाही म्हणणार नाहीत.